साल्वू नाखव्याच्या उरल्या डोळ्याची बखर

माता सांता लुचिया, जी आपले दोन्ही डोळे तबकात घेऊन देवळात उभी आहे आणि तरीही सर्व पाहते, तिचे पायी मस्तक ठेवून, मार्साश्लोक बंदरी चर्चमागील तिसऱ्या घरात राहणारी जीझा, स्वर्गवासी कारमनूंची पत्नी आणि स्टेल्लाची आई, हिने ही हकीकत आपल्या हाते लिहिली. लिहिण्यास कारण ऐसे की, या घरात पुढे जे जन्मतील आणि जे जावई अथवा सुना म्हणोन येतील, त्यांस उद्या कोणी सांगेल की साल्वू नाखव्याने चष्मा आपल्याच अकलेने चढविला. ते सर्वस्वी झूट आहे. आम्ही शाळेत दोन हिवाळे बसलो, परंतु नजर शाबूत आहे आणि जीभही, तेव्हा खरे जाहले ते येणेप्रमाणे.

आमचे जावई राजमान्य राजश्री साल्वू, अखंडितमत्स्यअलंकृत, यांजकडे 'सांता लुचिया' नामे होडी आहे, निळी, पिवळी आणि तांबडी. तिच्या नाळेच्या, म्हणजे पुढल्या टोकाच्या, दोन्ही अंगांस, बापजाद्यांच्या रिवाजाने, लाकडात कोरलेले दोन डोळे आहेत, की होडीने आपली वाट आपण पाहावी. या डोळ्यांची बडदास्त बंदरात जशी होते तशी बायकोचीही होत नाही. दर वसंतात होडी काठावर ओढून जुना रंग खरवडण्याचा प्रसंग येतो, तेव्हा साल्वू प्रथम होडीच्या डोळ्यांवर मऊ फलालीन बांधतात, आणि कडांस चिकटपट्टी लावतात, आणि एकेक डोळ्याचा मुका घेतात, की रंगाचा कण आत जाऊ नये. आणि मग स्वतः उघड्या डोळ्यांनी होडीच्या पोटाखाली उताणे पडून खरवडतात.

अकरा वर्षांमागे याच कामात गनिमाने हल्ला केला. गनीम मसुरीच्या टरफलाएवढा, निळ्या रंगाचा. तो वरून सुटला तो थेट उजव्या डोळ्यात शिरला, आणि साल्वूंनी माशांचे आमिष कापलेल्या हाताने डोळा चोळला, आणि मग डोळा चिघळला, आणि तीन आठवडे दवाखान्यात मुक्काम पडून अखेर उजवे ठाणे हातचे गेले. त्या बाजूस आता फक्त उजेड आणि अंधार यांची ये-जा कळते. होडीचे डोळे मात्र फलालीन काढले तेव्हा काल रंगविल्यासारखे निघाले.

गेल्या ऑगस्टात, लाम्पुकी मासा येण्याच्या सुमारास, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी साल्वूंस आणि स्टेल्लास समोर बसवून फर्मान काढिले की, डावा डोळा हा एकच उरला आहे, तो गेला तर होडी, समुद्र आणि मासळी सर्व बंद, सबब गळ टाकताना, रंग खरवडताना आणि खजुराच्या झावळ्या तोडताना न फुटणाऱ्या काचेचा चष्मा डोळ्यांवर असावा, यात कसूर होऊ नये. स्टेल्ला वाटभर रडली. साल्वू म्हणाले की विचार करतो. साल्वू विचार करतो म्हणाले की समजावे, होणार नाही.

तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात दरबार भरविला. हजर आम्ही, स्टेल्ला, आणि कापायला घेतलेला लाल भोपळा. मसलत होऊन ठरले की मोहीम आम्ही स्वतः चालवावी, कारण स्टेल्ला नवऱ्यास घाबरत नाही, परंतु त्याचे वाईट वाटून घेते, आणि लढाईत ते चालत नाही. मग आम्ही हत्यारांच्या दुकानी जाऊन, कारखान्यात ठिणग्या उडतात तेथील कामगार घालतात तसला, मागे पट्टा असलेला आणि पाण्याची लखलख मारणारा काळपट चष्मा पैदा केला, आणि तो साल्वूंच्या पावाच्या डब्यात, तेल-टोमॅटो लावलेल्या पावाशेजारी तैनात केला. पाव खपला. चष्मा जैसा गेला तैसा परत आला.

जाब विचारला असता साल्वू म्हणाले, "आई, होडीचे डोळे उघडे असताना नाखव्यानं आपले झाकायचे नसतात. होडी बिथरते. माझे बाबा सांगायचे."

"तुमच्या बाबांना पोहता येत नव्हतं," आम्ही म्हणालो. "त्यांचं सगळंच ऐकायचं का?"

"तसं नाही, पण रीत आहे."

खरी हरकत निराळी होती. शेजारच्या होडीचा वेन्झू, ज्याच्या जिभेस हाड नाही आणि होडीस धड इंजिन नाही, त्याने धक्क्यावर दहा जणांत विचारले होते, "काय साल्वू, सासूनं गॉगल घेतला म्हणे. मासे धरणार की सिनेमात नाचणार?" आणि दहाही जण हसले होते. साल्वू वादळास भीत नाहीत. दहा जणांच्या हसण्यास भितात. सर्व शूर पुरुषांचे ऐसेच आहे.

परंतु शत्रूने आपल्या तोंडे जी हरकत सांगितली तिच्यावरच मोर्चा लावावा हे आम्ही जाणतो. होडीचे डोळे उघडे आहेत म्हणोन नाखव्याचे झाकत नाहीत, तर आधी होडीचेच झाकावे. मग आम्ही ऑलिव्हच्या मोठ्या बरण्यांची दोन पारदर्शक झाकणे घेतली, आणि त्यांस मिठाईवरचा तपकिरी चकचकीत कागद लावला, आणि कडेने काळी चिकटपट्टी फिरविली, आणि मध्ये नाकाचा पूल म्हणोन, लाकडी चमचा वाकत नाही सबब, पितळी उलथन्याचा दांडा वाकवून बसविला, आणि पट्ट्याकरिता स्वर्गवासी कारमनूंच्या विजारीची नाडी घेतली, ज्यांनी हयातीत आमच्या कोणत्याही कामास नकार दिला नव्हता. आणि रविवारी, बाजार भरला असता आणि साल्वू चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर अडकले असता, आम्ही शिडीवरून नाळेवर चढून होडीस चष्मा चढविला.

प्रार्थना सुटली आणि सारे बंदर धक्क्यावर लोटले. सांता लुचिया काळा चष्मा घालून सूर्याकडे पाहत उभी होती, जणू सुट्टीवर आलेली बाई. पाद्रीबाबांनी तोंडावर रुमाल धरला आणि खोकत निघून गेले. वेन्झू दोरखंडाच्या गुंडाळीवर बसून हसला तो उठेना.

साल्वू पुढे आले, आणि हात वर केला, आणि तो तसाच राहिला. कारण चिकटपट्टी डोळ्याच्या रंगावर होती, आणि ती ओढावी तर रंगास ओरखडा येणार, आणि होडीच्या डोळ्यास ओरखडा काढील ऐसा नाखवा अद्याप जन्मला नाही.

"आई, हे काढा."

"काढते की. गरम पाण्यानं हळूच निघतं, मला येतं. आधी तुमच्या नाकावर चढू दे."

"लोक बघतायत."

"तुम्हालाही दिसतायत ना? एकाच डोळ्यानं दिसतायत, जावईबापू. तोच मागतेय मी."

साल्वूंनी वर केलेला हात खाली घेतला. मग तेथेच, बर्फाच्या पेट्यांवर बसून तह जाहला. कलम पहिले, साल्वूंनी समुद्रावर चष्मा घालावा. कलम दुसरे, तो घातला की होडीचा उतरावा. कलम तिसरे साल्वूंनी घातले, की या होडीवर जो कोणी चढेल त्यास चष्मा लागू. हे कलम आमच्यावर रोखले होते, कारण आम्ही उभ्या जन्मात नाकावर काच ठेविली नाही, आणि प्रार्थनेचे पुस्तक अक्षरे बारीक असल्याकारणे पाठच म्हणतो, हे घरात सर्वांस ठाऊक. आम्ही ते कबूल केले, कारण आम्हांस होडीवर चढण्याचे प्रयोजन नव्हते.

प्रयोजन बारा दिवसांत उत्पन्न जाहले. बेकरीत वेन्झू भेटला आणि फितुरीची खबर आपण होऊन देता जाहला. "मावशी, रागावू नका, पण तुमचा जावई बंदराच्या भिंतीपर्यंत चष्मा घालतो. भिंत ओलांडली की चष्मा पावाच्या डब्यात."

"आणि तू रे? तुझे किती डोळे आहेत?"

"दोन."

"मग जप. तुझ्याकडे शाबूत असं तेवढंच आहे."

दुसरे दिवशी उजाडता आम्ही त्याच दुकानचा तसलाच दुसरा चष्मा डोईच्या रुमालावरून पट्टा आवळून चढविला, आणि जपमाळ आणि टोपली घेऊन होडीवर कूच केले. साल्वूंनी पाहिले, आणि आपलाही चढविला. बंदराची भिंत गेली. कोणाचाही चष्मा उतरला नाही. पुढे लाटांमुळे आमच्या न्याहारीस होडीच्या कठड्यावरून किंचित माघार घ्यावी लागली, त्याचा तपशील येथे नको.

दोन तासांनी खजुराच्या झावळ्यांचा तराफा लागला, जो समुद्रात दगडास दोरीने बांधून ठेवितात, की सावलीस लाम्पुकी जमावी. साल्वू वाकले, आणि चष्म्याने पाण्याची लखलख मारली होती, सबब त्यांस तळापर्यंत दिसले, आणि ते भान विसरून बोलले, "आई, खाली बघा. नुसतं सोनं. दोन डझन तरी आहेत." मग भान आले. "तसं बिनचष्म्याचंही दिसलं असतं."

"मग काढून बघा."

"आता नको. हलचाल केली की पळतात."

मग शिशाचे वजन बांधलेला गळ सोडिला, आणि होडी तराफ्याभोवती फिरविली, आणि तिसऱ्या फेरीस तंगूस, म्हणजे गळाचा धागा, ताणला आणि हलेना. गळ तराफ्याच्या दोरीत रुतला होता. आम्ही हुकूम केला की कापून टाका. साल्वू म्हणाले, "नवं शिसं आहे, कालच बांधलंय," आणि तंगूस हातास दोन वेढे घेऊन, तोंड नेमके त्याच रोखाने ठेवून, पाय रोवून ओढिला. आम्ही पुन्हा हुकूम केला. त्यांनी पुन्हा ओढिला. आणि मग दोरीने गळ सोडिला.

शिसे आले ते दिसले नाही. पातेल्यावर खिळा मारावा तैसा आवाज जाहला, आणि साल्वू मागचे मागे फळीवर बसले, आणि दोन्ही हात तोंडावर. इंजिन चालू होते. आम्ही स्टेल्लास काय सांगावे याची दोन वाक्ये मनात जुळविली, आणि दोन्ही खोटी होती.

मग हात खाली आले. रक्त नव्हते. चष्म्याच्या एका काचेवर, कोळ्याने जाळे विणावे तैसा तडा गेला होता, आणि काच जागची हलली नव्हती. साल्वूंनी तो काढून हातात फिरविला, आणि तडा कोणत्या बाजूस हे बोटाने चाचपले, आणि हसू लागले.

"आई, उजव्या बाजूला लागलं. तो डोळा तर गेलेलाच होता. चष्म्यानं वाचवलं काय?"

आम्ही जपमाळ गुंडाळून टोपलीत ठेविली आणि मगच बोललो.

"शिशाला काय माहीत, कोणता डोळा चालू आहे ते."

ते हसायचे थांबले. तंगूस पाण्यात तसाच तरंगत राहिला, आणि मासे होते तेथेच राहिले, आणि साल्वूंनी सुकाणू घराकडे वळविले. तडा गेलेला चष्मा मात्र त्यांनी पुन्हा नाकावर ठेविला होता.

धक्क्यावर उतरल्यावर ते घरी आले नाहीत. होडीसमोर उपड्या पेटीवर बसले, आणि डाव्या डोळ्यावर तळहात ठेविला, आणि तसेच बसून राहिले. स्टेल्ला कॉफी घेऊन गेली. त्यांनी दुसरा हात पुढे केला तो पेल्याच्या चार बोटे अलीकडे थांबला, आणि मग पुढे गेला, आणि पेला कलंडला. वेन्झू जाळे गोळा करीत होता. तो हसला नाही. एक जपमाळ होईल इतका वेळ गेला, आणि साल्वूंनी तळहात काढिला, आणि प्रथम होडीच्या डोळ्यांकडे पाहिले, आणि मग स्टेल्लाकडे पाहत राहिले, जणू ती बंदरात आजच उतरली.

"काय झालं हो?" स्टेल्लाने विचारले.

"काही नाही. उभी राहा जरा."

मग संध्याकाळी सूप पिताना, मान वर न करता, ते आम्हांस म्हणाले, "आई, तो चष्मा कुठल्या दुकानात मिळतो? एक आणा. नको, दोन आणा. एक डब्यात राहू दे."

आम्ही झग्याच्या खिशातून दोन काढून ताटाशेजारी ठेविले. गनिमाच्या मनात शरणागती येण्यापूर्वी आठ दिवस ते आम्ही पैदा करून ठेविले होते.

येणेप्रमाणे, पुढल्या मार्चात, सान जुझेप्पच्या सणानंतर चौथ्या दिवशी, होडी काठावर ओढिली असता, राजश्री साल्वूंनी रिवाजाप्रमाणे तिच्या दोन्ही डोळ्यांवर फलालीन बांधिली, आणि कडा चिकटविल्या, आणि एकेकाचा मुका घेतला, आणि मग, कोणाचा हुकूम नसता, खिशातून चष्मा काढून पट्टा आवळिला आणि होडीच्या पोटाखाली शिरले. पलीकडे वेन्झूही आपल्या होडीखाली चष्म्यानिशी पडला होता, आणि विचारले तर भाच्याने दिला म्हणोन सांगत होता. आम्ही खिडकीत होतो. बोलण्यासारखे पुष्कळ होते. आम्ही काही बोललो नाही, आणि या मोहिमेत आमच्याकडून जो काही पराक्रम जाहला त्यात हा थोर समजावा.

उजवे ठाणे पूर्वी पडले ते पडलेच. डावे ठाणे कायम आहे, त्यावर निळ्या रंगाचा एक कणही उतरला नाही. फत्ते जाहली म्हणोन नोंदिले.

आमच्या खिडकीपासून धक्का चांगला दोनशे पावले आहे. तेथून पट्टा आवळलेला आणि रंगाचा कण न उतरलेला जीझास कसा दिसला, ऐसे कोणी पुसेल. तर गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी आम्हांसही एक चष्मा दिला आहे, नंबरचा. ही गोष्ट स्टेल्लास ठाऊक आहे. साल्वूंस कळू देऊ नये.