माळ्यावरचे थर

दिवाळीची झाडझूड निघाली की रुपरावांकडे एकच काम असे, जिन्यावरचा माळा साफ करणे. शिडी लावून ते वर जात, दुपार कलता धुळीने माखून उतरत आणि मग बाकीच्या घराला हात न लावता चिवडा चाखायला मोकळे होत. ही सूट त्यांना जिवापाड प्यारी होती. त्या धुळीत वर जाऊन तपासायची हौस कोणाला?

यंदा मात्र त्यांच्या आधी त्यांची लेक चढली. मयुरा मातीचं शास्त्र शिकत होती आणि तिला वाऱ्याने आणून टाकलेल्या मातीचा नमुना हवा होता. माळ्याच्या खिडकीची काच फुटलेली, त्यात नागपूरची उन्हाळी आंधी. "बाबा, काही हलवू नका," ती वरून म्हणाली. "इथं तर खजिनाच आहे."

खजिना म्हटल्यावर तिची आई कुसुमताई लगोलग शिडी चढल्या. रुपराव शिडी धरून खाली उभे राहिले. चेहरा उतरलेला.

मयुराने सुरीने धुळीचा तुकडा कापून भिंगाखाली धरला. "बघ आई, खाली काळी, मग राखाडी, वर लाल. कणसुद्धा बदलतात. मधली रेघ किती साफ आहे! म्हणजे माती दर वेळी वेगळ्या ठिकाणची."

"काळी तं समोरच्या पऱ्हाटीची वं," कुसुमताईंना भारीच गंमत वाटली. "तू बालवाडीत होती तवा तिथं कापसाचं वावर होतं. राखाडी सिमेंट रोडची. अन् लाल मुरूम, प्लॉट पडले तवाचा." मग त्या थबकल्या. "पण ते काळी अजून काहून आहे इथं?"

"मिसळलं असन वाऱ्यानं," खालून आवाज आला.

"मिसळलं असतं तर रेघ पुसट झाली असती, बाबा," मयुरा भिंगातच गुंग होती. "इथं कधी झाडू लागलाच नाही. एवढा एक पट्टा साफ आहे, माणसाएवढा लांब. टोकाला उशी आहे."

कुसुमताई सावकाश उतरल्या. "झोपाले जात होते तुमी."

"तेवढी जागा तं दरसाल पुसतो ना मी."

त्यांनी नवऱ्याच्या हातात झाडू दिला. तेवढ्यात मयुरा म्हणाली, "आई, आमचे सर बघून जाईपर्यंत कणही हलायला नको."

रुपरावांना शास्त्राबद्दल एवढा आदर कधीच वाटला नव्हता. "मंग मी वर बसून राखण करतो," ते लगबगीने म्हणाले.

"तुमी खालचं घर झाडा. राखण मी पाहीन," म्हणत कुसुमताई पुन्हा शिडी चढल्या.

रुपराव पंखे पुसून स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे वळले, तेव्हा माळ्यावरून संथ घोरणं ऐकू येऊ लागलं.