कुलपाआडचा श्वास

खोटं सांगत असेन तर माझी कवळी उद्याच्या भाकरीत रुतून बसो. ही गोष्ट चाकूरजवळच्या एका गावात घडली आणि तिच्यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला पटत नसेल त्यानं आत्ताच उठून जावं. चहा मात्र पिऊन जावं.

तर त्या दिवशी सकाळपासून तनुजाच्या मशरूमच्या खोलीपुढं कडब्यानं भरलेली बैलगाडी उभी होती. सासरे शेषेराव चाकाला टेकून तंबाखू मळत होते. खोली मुळात त्यांच्या कडब्याची. नांदेडला जाऊन मशरूमचं शिकून आलेल्या सुनेला त्यांनी ती एका पिकापुरती दिली होती, तीही सगळ्या गावासमोर बजावून, "पीक साधलं तर खोली तुझी. न्हाई साधलं तर कडबा आत, तुझ्या कुत्र्याच्या छत्र्या भाईर. आन् तवर त्या खोलीत मी पाय ठिवला तर मिशी उतरून ठिवीन."

आणि पीक काही साधेना. मशरूमच्या माना बगळ्यासारख्या लांब, टोप्या शर्टाच्या गुंडीएवढ्या. सगळं खापर भिंतीवरच्या सेन्सरवर. श्वासानं हवा शिळी होते, ती तो मोजायचा. आकडा हजाराच्या वर गेला की पंखे सुरू, शिळी हवा बाहेर, ताजी आत. सकाळभर आकडा शहाण्यासारखा वागायचा. दुपारची जेवणं झाली की तनुजाच्या मोबाइलवर तो चढायला लागायचा. दोन हजार, तीन हजार! पंखे बोंबलायचे. मे महिन्यातली ताजी हवा म्हणजे भट्टीची फुंकर, ती आत घुसायची आणि एसी धापा टाकायचा. दिवस कलला की आकडा पुन्हा गुमान खाली.

"तुझं यंत्र येडं झालंय," शेषेराव रोज म्हणायचे. "माझा कडबा कधी येडा झाला न्हाई."

"आत कुणीतरी हाय गं," सासू साखराबाई पुटपुटायच्या. त्यांनी सेन्सरवरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. आकडा काही मोहऱ्यांना भ्याला नाही.

लातूरहून मेकॅनिक श्रीशैल दोनदा येऊन गेला, दोन्ही खेपा सकाळच्या. पहिल्यांदा म्हणाला, "ताई, सेन्सर चकाचक हाय." दुसऱ्यांदा त्यानं जुना काढून नवा बसवला. तो घरी पोचून हातपाय धुतोय तोवर नव्यानंही तीन हजार दाखवले. आज तिसरी खेप. शेषेरावांनी दिवस मावळेपर्यंतची मुदत दिलेली, आणि गाडी तर दारात येऊन उभी.

"आज जेवून थांबायचं, भाऊ," तनुजानं बजावलं.

"ताई, मला उदगीरला दुसरं काम हाय."

"भरली वांगी केलीत."

"मंग थांबतो."

जेवणं झाली. शेषेराव ढेकर देऊन "आंब्याखाली पडतो जरा" म्हणून निघून गेले. तनुजानं खोलीला कुलूप घातलं, किल्ली मंगळसूत्रात अडकवली आणि ती, साखराबाई आणि श्रीशैल अशी तिघं दारासमोर बसली, मधे मोबाइल. नऊशे. बाराशे. पंखे सुरू झाले. दोन हजार. पंखे ओरडायला लागले.

श्रीशैलनं पिशवीतून तसलंच दुसरं यंत्र काढलं. अंगणात धरलं, आकडा गप्प. त्यावर फुंकर मारली, झर्रकन चढला. मग ते दाराच्या फटीला लावलं. पुन्हा चढला. त्याच्या कपाळावरची विभूती ओघळायला लागली.

"ताई, तुमचं यंत्र खरं बोलतंय."

"म्हंजे?"

"म्हंजे आत कोणीतरी श्वास घेतंय."

"किल्ली माझ्या गळ्यात हाय, भाऊ!"

"म्हणून तर मला घाम सुटलाय."

साखराबाईंनी मुसळ उचललं. तनुजानं पंख्यांचा खटका पाडला. पंखे थांबले आणि कुलपाच्या आतून आवाज आला. घर्र... घर्र... त्याच्या मागोमाग दुसरा, बारीक. फुस्स... फुस्स...

"दोन हायत," साखराबाई म्हणाल्या. "एक बारकं हाय."

"कुलूप तुम्ही काढा," तनुजानं किल्ली पुढं केली.

"माझं काम सेन्सरपुरतं हाय, ताई," म्हणत श्रीशैल मुसळाच्या मागं सरकला.

मग तनुजानंच दात आवळून कुलूप काढलं. आत गारेगार अंधार. बरोबर सेन्सरच्या खाली, पोत्यावर, तोंड वर करून शेषेराव घोरत होते. त्यांच्या पोटावर डोकं टेकून म्हशीचं रेडकू झोपलेलं. मागच्या भिंतीला गाडीतून कडबा आत ढकलायची खिडकी होती, तनुजानं थर्माकोल लावून बुजवलेली. शेषेराव रोज थर्माकोल काढायचे, आधी रेडकू आत घालायचे, मग स्वतः शिरायचे आणि थर्माकोल पुन्हा नीट बसवायचे. उन्हानं रेडकू बेजार झालं होतं म्हणे.

"आवं," साखराबाई मुसळ टेकवून म्हणाल्या, "मिशी तुमी उतरवता का मी उतरवू?"

शेषेराव दचकून उठले. सुनेपुढं हात जोडून म्हणाले, "चुकलं माझं, पोरी."

साखराबाईंनी मात्र तिकडं कान दिला नाही. त्यांनी स्वतः बैलांची वेसण धरली, गाडी वळवली आणि सगळा कडबा शेषेरावांच्या खाटेवर रचून टाकला. तनुजानं खिडकी विटा लावून बुजवली. पुढच्या तोडणीला मशरूमच्या टोप्या ताटलीएवढ्या झाल्या.

ताटलीएवढ्या म्हणजे ताटलीएवढ्याच. रेडकूही खरं, त्याला खिडकीतून आत घालायचे तेही खरं. पण तुम्ही असं तोंडाकडं बघताय म्हणून कबूल करते, एक गोष्ट मी पदरची घातली. शेषेराव सुनेला चुकलं-बिकलं काही म्हणाले नाहीत. उठलेसुद्धा नाहीत. त्यांनी एक डोळा उघडला, दाराकडं बघितलं आणि म्हणाले, "दार लाव आधी. समदी गार हवा चाललीया भाईर."