ढोल्यासाठी टकटक

चष्मेवाल्याने ठरवलं, गिटार घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायची. बस, एवढंच. (जन्मभर गिऱ्हाइकांना "खालची ओळ वाचा" म्हणणाऱ्या या गृहस्थाने स्वतः खालची ओळ कधीच वाचली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.)

कारणही तसंच होतं. तरुणपणी त्याच्या जोडीला ड्रम वाजवणारा ढोल्या आता अंथरुणाला खिळला होता. अंगावर मांस नाही, नावाचाच ढोल्या. त्याने निरोप धाडला, "आपली जुनी चाल एकदा ऐकव. जरा लवकर."

चष्मेवाल्याने माळ्यावरून इलेक्ट्रिक गिटार काढली, बाजारातून गिटारचा आवाज कॉम्प्युटरात नेणारा छोटा डबा आणला. गिटारची वायर डब्यात, डब्याची कॉम्प्युटरात, हेडफोन पुन्हा डब्यात. बायको झाडू घेऊन आली, टेबलाखालचं वायरींचं जाळं बघून तशीच परत गेली. कॉम्प्युटरने विचारलं, आवाज कुठून घेऊ? अक्षरं बारीक, चष्मा डोक्यावर. गड्याने 'ओके' दाबलं.

हेडफोनात गिटार अशी काही वाजली म्हणता! म्हातारा विशीत गेला. मधेच बायको चहा घेऊन आली.

"कसे आहेत हो ते?"

"कोण, ढोल्या?" (कानावर हेडफोन चढले की माणसाला सारं जग बहिरं वाटतं.) चष्मेवाला गरजला, "डॉक्टर म्हणतात महिनाभर! मला तर तेवढंही वाटत नाही!"

"अहो, हळू!"

"मेल्याला ताल कधी कळला नाही, पण त्याच्यावाचून मजा नाही गं!"

चाल संपली. परत न ऐकताच त्याने ती ढोल्याला पाठवून दिली.

दुपारी उत्तर आलं, "गाढवा, चाल कुठाय? महिन्यातला एक दिवस गेला. वायर नीट लाव."

चष्मेवाल्याने घाईघाईने फाइल लावली. कॉम्प्युटरने डब्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. आपल्याच माइकने नुसती खोली टिपली होती, आणि इलेक्ट्रिक गिटारला स्पीकरविना आवाज कुठला! तारांवर नखीची टकटक, कपबशीची किणकिण आणि खणखणीत "महिनाभर!"

"फोन करून माफी मागा," बायको म्हणाली.

"काय सांगू? डॉक्टर चुकले म्हणून?"

तीन दिवस तो वायरींशी झटला. चष्मा नाकावर ठेवून ओळन् ओळ वाचली. चौथ्या दिवशी चाल उतरली, ढोल्याच्या ड्रमची जागा मोकळी सोडून. पाठवली. उत्तर नाही.

सहाव्या दिवशी ढोल्याच्या बायकोचा फोन आला. "भावजी, सकाळीच गेले."

चष्मेवाल्याने विचारलं, "वहिनी, चाल... ऐकली का त्याने?"

"ऐकली की. एकदा. मग म्हणाले, ती पहिली टकटकच लाव. शेवटपर्यंत तीच ऐकत होते. पलंगावर बोटांनी ठेका धरायचे नि म्हणायचे, या गाढवाने जन्मात इतकं तालात कधी वाजवलं नव्हतं."