आक्काच्या अकरा जमाती

आक्का मंगळवारी सकाळी गेली. दुपारी तिच्या टेलिफोन ऑफिसातल्या बाई आल्या, बसल्या आणि मला म्हणाल्या, "मग गुंबारींचं आता कसं?"

गुंबारी हे लोक जगात कुठेच नाहीत. ते आक्काने केले होते. ट्रंक कॉल जोडून देता देता ती डोक्यात अख्खी जमात उभी करायची आणि घरी येऊन एकेका जमातीची वही करून पेटीत ठेवायची. घरं, देव, रुसवे, सगळं. सुरुवात मात्र शिव्यांपासून. "माणूस कशावर चिडतो ते कळलं की निम्मं गाव बांधून झालं," म्हणायची.

कॉलेजात असताना मीही हौसेने तीन डोळ्यांची माणसं लिहिली आणि तिला दाखवली. तिने वही परत सरकवली.

"डोळं ऱ्हाऊ देत. ह्यांच्यात शेवटची भाकरी कोण खातं?"

मी वही उलटसुलट चाळली.

"मग ही माणसं न्हाईत. बाहुल्या हायत."

हा प्रश्न ती प्रत्येक जमातीला घालायची. खऱ्या माणसांना घालू नये, एवढंच बाबांचं म्हणणं होतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिला नेसरीचं स्थळ आलं. आक्का एकतीस वर्षांची होती. आधीची दोन स्थळं "मुलगी जरा वेगळी आहे" म्हणून परत गेली होती. हा मुलगा शाळेत मास्तर होता. पत्ता विचारायचं निमित्त काढून त्याने दोनदा फोन केला होता, आणि त्या आठवड्यात आक्काने एकच साडी दोनदा इस्त्री केली.

"आज तुझी माणसं पेटीत ऱ्हाऊ देत," बाबा म्हणाले. "हात जोडतो."

"व्हय बाबा."

मुलगा आला, त्याचे आईवडील आले. बोलत होते ते वडीलच. "आमच्यात बायकांस्नी काय कमी न्हाई. आमच्यात सुनंला लेकीगत वागवत्यात. आमच्यात..." प्रत्येक 'आमच्यात'सरशी आक्काची मान थोडी वर येत होती. मी तिला डोळ्यांनी नको नको म्हणत होतो. बाबांनी घाईघाईने पोह्यांची बशी पुढे केली.

"तुमच्यात शेवटची भाकरी कोण खातं?" आक्काने विचारलं.

बशी बाबांच्या हातातच राहिली. मुलाचे वडील हसले. "आमच्यात भाकरी संपतच न्हाई, पोरी."

मुलाची आई आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. ती खाली बघत म्हणाली, "संपती की."

मुलाने आईकडे पाहिलं. मग आक्काकडे. मग बाबांच्या हातातली बशी घेऊन पोहे खाऊ लागला.

चार दिवसांनी नकार आला. बाबा महिनाभर आक्काशी बोलले नाहीत. ती डबा घेऊन वेळेवर ड्युटीला जात राहिली. कुणी विषय काढलाच तर म्हणायची, "बरं झालं की. त्यांच्या घरातली भांडी वाचली, मी रोज आदळली असती." पुढे स्थळं यायची थांबली. तिला त्याचं काही वाटत नाही, असं मी इतकी वर्षं समजून होतो.

दिवसकार्य झाल्यावर तिच्या वह्या वाचायला घेतल्या. त्या नकारानंतर तिने सहा जमाती केल्या. एक झाडात राहते, एक मिठाची घरं बांधते, एकीला सावलीच नाही. सहाही जमातींत एक मास्तर आहे. त्याला नाव दिलेलं नाही. पंगतीत कुणी बाई तो प्रश्न विचारते. मास्तर उठतो, आपल्या पानातली भाकरी आईच्या पानात ठेवतो आणि विचारणारीच्या शेजारी येऊन बसतो.

बाबाही आता नाहीत. घरात मी आहे आणि अकरा वह्या आहेत.