मोघेकाकांची सोंड

मोघेकाकांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, वजन विचारलं.

कारखान्यातल्या नोकरीसाठी देवासला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. सकाळी दूध घेऊन परतत होतो, तेवढ्यात कोपऱ्यावर पांढऱ्या लेंग्यातल्या एका उंच म्हाताऱ्या गृहस्थांनी अडवलं. डोक्यापासून चपलांपर्यंत मला न्याहाळलं आणि म्हणाले, "भिया, वजन किती तुमचं?" मी सांगितलं. ते जरा खिन्न झाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काही हरकत नाही. तुम्हाला टोकाला बसवू."

घरी येऊन बायकोला सांगितलं तर तिनं विचारलं, कसलं टोक? मलाही ठाऊक नव्हतं. ते पुढच्या रविवारी कळलं, आणि नंतर कित्येक वर्षं दर महिन्या-दोन महिन्यांनी कळतच राहिलं.

देवासला एके काळी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. राज्यं गेली, पण काकांच्या डोक्यातून पात्या गेल्या नव्हत्या. त्यांचे आजोबा थोरल्या पातीच्या हत्तीखान्यावर कारकून होते. हत्तीला किती चारा आणि किती गूळ, एवढंच ते लिहीत असणार. पण काका बोलायला लागले की वाटे, आजोबा स्वतःच हत्ती होते. काका कचेरीतून निवृत्त झालेले, काकू गेलेल्या, मुलगा जबलपूरला, मुलगी नागपूरला. अशा माणसाबद्दल शेजाऱ्यांना काळजी वाटायला हवी. आम्हाला वाटत नव्हती, कारण काकांना सवडच नसायची. त्यांच्याकडे सोंड होती.

ती कशी आली, ते सांगतो. आमच्या मराठी मंडळाचं एक सभागृह होतं. लग्नं, मुंजी, गणपतीचा महाप्रसाद, सगळा स्वयंपाक तिथल्या चुलाण्यावर. गॅसच्या सिलिंडरला नंबर लावून बसायचे ते दिवस. त्यामुळे लाकूड लागे, आणि ते बागलीकडच्या डेपोतून यायचं. पूर्वी दोन हमाल ओंडके खांद्यावर घेऊन ट्रॉलीत टाकत आणि विडी ओढायला बसत. हे काकांच्या मनाला लागलं. "आमच्या आजोबांच्या वेळी लाकूड हत्ती उचलायचा," ते म्हणत. "आता हत्ती राहिले नाहीत, म्हणून काय माणसानं उचलायचं?"

त्यांना एका न्हाव्याच्या दुकानात विलायती मासिकाचं एक पान सापडलं. त्यावर एका ट्रॉलीला लोखंडी हात लावलेला, हाताला पंजा, आणि पंजात भला मोठा ओंडका. पानाचा खालचा अर्धा भाग न्हाव्यानं वस्तऱ्याचा साबण पुसायला वापरून टाकला होता. काकांनी उरलेला अर्धा खिशात घातला आणि तेवढ्यावर यंत्र बांधलं. बोअरिंगच्या पाइपाचा खांब ट्रॉलीच्या उजव्या कडेला उभा केला, त्याला आडवा फिरता हात, हाताला चेनपुली, आणि चेनला ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचा पंजा. हीच ती सोंड. चेन ओढली की पंजा आपोआप घट्ट व्हायचा. पंजा खरोखर उत्तम होता. कारखान्यातला माणूस म्हणून सांगतो, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

पहिल्या चाचणीला मी नव्हतो, पण ती मला इतक्या जणांनी सांगितली आहे की असल्यासारखाच आहे. ट्रॅक्टर भागीरथ पटेलांचा. डेपोत पोचल्यावर काकांनी सोंडेला हळदकुंकू वाहिलं, पंजा एका सागाच्या ओंडक्याला लावला आणि चेन ओढायला सुरुवात केली. ओंडका जागचा हलला नाही. ट्रॉलीचं पलीकडचं चाक मात्र हळूहळू जमिनीवरून वर आलं. काका ओढत राहिले, ट्रॉली कलत राहिली. शेवटी पटेल शांतपणे म्हणाले, "दादा, लक्कड़ तो वंईज पड़्यो है. ट्रॉली उठी गी."

दुसरा कोणी असता तर शरमेनं घरी गेला असता. काकांनी विचार केला आणि पटेलांना पलीकडच्या कडेवर बसवलं. चाक थोडं खाली आलं. डेपोच्या चौकीदाराला बसवलं, आणखी आलं. तेव्हापासून काका वजनदार माणसांच्या शोधात हिंडू लागले. "देखो भिया, पहले वजन, फिर बात," हे त्यांचं ब्रीद झालं. कोणाच्या लग्नात नवरदेव बघितला तरी त्यांचं लक्ष त्याच्या मामाकडे असायचं.

ट्रॉलीच्या डाव्या कडेला त्यांनी एक बाक ठोकला. ती थोरली पाती. तिथं बँकेतले गोखले, किराणावाले अग्रवालजी अशी भरीव मंडळी. त्याच्यापुढे हवेत निघालेली एक लांब फळी, ती धाकटी पाती. फळीच्या टोकाला बसवलं की हडकुळा माणूसही जड पडतो, हे काकांना हत्तीखान्याकडून समजलं होतं की कुठून, कोण जाणे, पण ते बरोबर होतं. त्या फळीच्या अगदी टोकाला, पाय अधांतरी सोडून, मी बसायचो.

आता हिशेब बघा. दोन हमालांचे कष्ट वाचावेत म्हणून आम्ही आठ-दहा माणसं रविवारी पहाटे उठून, ट्रॉलीत गचके खात बागलीकडे जायचो. तिथं जाऊन नुसतं बसायचो. काका चेन ओढायचे, आणि ओंडका वर येत असताना कोणी हलायचं नाही, शिंकायचंसुद्धा नाही. एकदा अग्रवालजींना ओळखीचं कोणी दिसलं म्हणून ते नमस्कार करायला उठले, तर मी फळीसकट लिंबाच्या फांदीला जाऊन भेटलो. मग दुपारी झाडाखाली दाल-बाफले, म्हणजे वरण आणि निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे. बाफले भाजायला भरलेल्यातलंच थोडं लाकूड काढायचं. बाफल्यात तूप इतकं की जेवणानंतर कोणी हलण्याच्या स्थितीत नसे, म्हणजे काकांच्या दृष्टीनं यंत्र पूर्ण तयार. संध्याकाळी परत. सोंड, बाक, फळी आणि आम्ही जाऊन ट्रॉलीत जी जागा उरे, तेवढं लाकूड यायचं. एका मुंजीला पुरेल, लग्नाला नाही.

आणि तरी आम्ही जायचो. का जायचो, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. तो मंडळाच्या नव्या सचिवांना, सबनीसांना पडला.

सबनीस शिस्तीचे. त्यांनी बागलीच्या एका व्यापाऱ्याशी बोलून ठेवलं. टेम्पो थेट सभागृहाच्या दारात लाकूड टाकून जाईल. सभेत तसा ठराव येणार, हे आठवडाभर आधी सगळ्यांना कळलं. काकांनाही कळलं. ते कोपऱ्यावर दिसेनासे झाले. दोनदा घरावरून गेलो, तर आत रेडिओ चालू होता आणि ते दाराकडे पाठ करून बसले होते. मला फार वाईट वाटलं. सोंड गेली तर या माणसाकडे उरणार काय?

मग माझ्यातला इंजिनियर जागा झाला. ट्रॉली कलते, कारण सोंडेच्या बाजूला तिला आधार नाही. खांबाखाली दोन टेकू लावले, वरखाली होणारे, तर कोणाला बसवायला नको. काका आणि पटेल दोघांत ट्रॉली गच्च भरून आणतील आणि सबनीसांचं तोंड बंद होईल. इतकी साधी गोष्ट इतकी वर्षं कोणाच्या लक्षात कशी आली नाही, याचं मला नवल वाटलं, आणि थोडा गर्वही झाला. पाइप आणि जाड स्क्रू घेऊन लोहाराकडे बसलो, टेकू करून घेतले आणि सभेच्या आदल्या संध्याकाळी सायकलला बांधून काकांकडे नेले.

काकांनी ते हातात घेऊन बघितले. स्क्रू फिरवून बघितला. म्हणाले, "छान केलेत. मागच्या पडवीत ठेवा."

पडवीत कोपऱ्यात गोणपाटात काहीतरी गुंडाळलेलं होतं. माझे टेकू ठेवायला ते जरा सरकवलं तर गोणपाट सुटलं. आत दोन टेकू. लाल रंग दिलेले, स्क्रूला ग्रीस लावलेलं. माझ्यापेक्षा सरस.

मी बाहेर आलो. काकांनी रेडिओ बंद केला.

"पहिल्या चाचणीनंतर लगेच केले होते," ते म्हणाले. "एकदा लावूनही बघितले. पटेल ट्रॉली सोडून त्यांच्या मेहुण्याकडे गेले होते. मी एकट्यानं सगळी ट्रॉली भरली. एक ओंडका चुकला नाही."

"मग?"

"मग काय. काम झालं. एकट्यापुरते बाफले कोण लावतो, भिया? घरी आलो, तर अजून पूर्ण दुपार शिल्लक होती."

मी पाणी प्यायलो. निघताना माझे टेकू परत सायकलला बांधले. काकांनी दोरीची गाठ स्वतः आवळून दिली.

दुसऱ्या दिवशी सभेत सबनीसांनी ठराव मांडला. टेम्पोचे फायदे सांगितले, सगळे खरे होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही तर इंजिनियर आहात. या सोंडेला काही आधारबिधार देऊन हा माणसं बसवायचा प्रकार थांबवता येईल का, तेवढं सांगा. येत असेल तर ठराव मागे घेतो."

काका शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, नाही. आधार चालणार नाही, जमीन भुसभुशीत आहे, खांबाची रचना वेगळी आहे, या यंत्राला माणसंच लागतील. आणि टेम्पोवाल्याच्या लाकडाला वाळवी असते. माझ्या सबंध नोकरीत मी इतकं खोटं तांत्रिक मत कधी दिलं नाही. गोखले लगेच म्हणाले, वाळवी असतेच. अग्रवालजी सभासदसुद्धा नव्हते, नुसते चहाला आले होते, पण त्यांनी हात वर केला. ठराव पडला. सबनीसांनी हताश होऊन विचारलं, मग पुढच्या रविवारी किती जण जाणार? सगळेच, असं निघालं. त्यांना एकट्याला मागे कसं ठेवायचं, म्हणून त्यांनाही घेतलं.

त्या रविवारी डेपोत आम्ही आपापल्या जागी बसलो. सबनीस थोरल्या पातीत, अंग चोरून. मी फळीच्या टोकाला. काकांनी पंजा लावला आणि चेन ओढली. चाक हललं नाही. ओंडका वर यायला लागला, आणि आम्ही सगळे श्वास रोखून त्याच्याकडे बघत होतो. काका मात्र ओंडक्याकडे बघतच नव्हते. हात चेनवर चालत होते आणि नजर आमच्यावरून फिरत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, वाढताना पंगतीत कोणी राहिलं नाही ना, हे घरची बाई बघते तशी.