चौथा कप्पा

मुदत संपायला नऊ दिवस उरले असताना, नेत्ररुग्णालयाच्या नोंदणी खिडकीमागील संगणकात जागा आहे परंतु ती घेता येत नाही, असे निदर्शनास आले.

परिपत्रक साधे होते. संगणकातली जुनी प्रणाली थकली आहे, सबब तिच्या शेजारी नवी, मोफत, पर्यायी प्रणाली बसवावी आणि महिनाअखेर 'बसवली' असा अहवाल धाडावा. बसवल्यावर तिचे काय करावे, हे परिपत्रकात नव्हते. तो पुढच्या परिपत्रकाचा विषय होता.

त्यानुसार तंत्रज्ञ आला. त्याने पिशवीतून पेन ड्राइव्ह काढला, संगणकाला लावला, हाताची घडी घालून बसला आणि पाच मिनिटांनी म्हणाला, "जागा नाही म्हणतोय."

नोंदणी कारकून बाई गेली अकरा वर्षे त्याच खुर्चीवर बसत होत्या. त्या चष्मा सावरून वाकल्या. "असं कसं? अर्धी डिस्क रिकामी आहे की. मला इथं दिसतेय."

"रिकामी आहे हो. पण ही डिस्क जुन्या पद्धतीची. हिच्यावर चारच पार्टिशन, म्हणजे वेगळे भाग, करता येतात, आणि चार आधीच झालीत. मागची अर्धी जागा कुणाच्याच नावावर नाही, पण पाचवं पार्टिशन काही ती करू देत नाही."

"म्हणजे अंगण मोकळं, पण खोली बांधायची नाही."

"बरोबर बोललात."

खिडकीसमोरच्या बाकावर शिंपीणमावशी बसल्या होत्या. त्यांचा एक डोळा लहानपणीच गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीत अकराशे चाळीस नावे होती आणि दहा महिने वाट पाहून मावशींचा नंबर आता एकोणिसावर आला होता. पुढच्या महिन्याची पहिली तारीख त्यांना मिळाली होती. आज त्या रक्तदाब तपासून घ्यायला आल्या होत्या. सुईत दोरा ओवायला त्या हल्ली शेजारणीला हाक मारत, आणि शेजारीण रोज थोड्या उशिरा ओ देत असे.

"भाऊ," मावशी बाकावरूनच म्हणाल्या, "चारच खिसे लावायचे म्हणतोस ना? मग चौथा खिसा मोठा कर आणि त्याच्या आत दोन खिसे शिव. मी कोटाला देते तसे. बाहेरून मोजलं तर चारच."

तंत्रज्ञाने खुर्ची वळवून त्यांच्याकडे पाहिले. "मावशी, यालाच आम्ही लॉजिकल पार्टिशन म्हणतो. मला हे शिकायला सहा महिने लागले होते."

"मग कर की."

"अर्ध्या तासाचं काम आहे. साहेबांची सही आणतो."

इथून पुढे काम कार्यालयीन झाले.

अधीक्षक साहेब स्वच्छ मनाचे गृहस्थ होते. त्यांच्या टेबलावर कधी कागद उरत नसे, कारण ते तो पुढे पाठवत. तंत्रज्ञाचे म्हणणे त्यांनी शांतपणे ऐकले, त्याच्या अर्जातला 'पार्टिशन' हा शब्द खोडून 'कप्पा' असा लिहिला आणि अहवालाचा नमुना काढला.

"यात रकाने किती आहेत?"

"चार."

"कप्प्यातला कप्पा कोणत्या रकान्यात लिहू?"

"चौथ्यातच लिहा, साहेब. आत दोन आहेत एवढी टीप टाका."

"टिपेसाठी जागा सोडलेली नाही." साहेबांनी कागद उलटा करूनही पाहिला. "उद्या वरून कोणी विचारलं, तुम्ही चारात पाच कसे बसवले, तर मी काय सांगू? एका शिंपिणीनं सुचवलं म्हणून?"

ती शिंपीण बरोबर होती, हे सांगायला तंत्रज्ञाला रकाना सापडला नाही.

"चारपैकी एक कप्पा रिकामा करा आणि त्याची जागा नव्या प्रणालीला द्या," साहेब म्हणाले. "कोणता, ते नियमाने ठरवू."

नियमाने ठरवण्यासाठी दुसऱ्या दिवशी बैठक झाली. बैठकीला साहेब, कारकून बाई, तंत्रज्ञ आणि दार उघडझाप करायला शिपाई एवढे उपस्थित होते.

पहिला कप्पा अगदी चिमुकला होता. त्याच्यावर 'राखीव' असे लिहिले होते.

"कोणासाठी राखीव?" साहेबांनी विचारले.

"यंत्र सुरू होताना लागणाऱ्या बारीकसारीक गोष्टींसाठी. पण त्या दुसरीकडे हलवता येतात."

"राखीव जागेला हात लावायचा नाही. ज्याची आहे तो उद्या आला तर त्याला उभं कुठं करणार?"

दुसऱ्या कप्प्यात जुनी प्रणाली होती. ती धड चालत नसे, पण होती. "नवी सून उंबऱ्यात यायच्या आधी सासूला घराबाहेर काढायची पद्धत नाही," साहेब म्हणाले, आणि हे वाक्य इतिवृत्तात 'सखोल चर्चेअंती' या शब्दांत नोंदवले गेले.

तिसरा कप्पा यंत्र बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच ठेवला होता. यंत्र बिघडले तर पूर्ववत करण्यासाठी. यंत्र सात वेळा बिघडले होते आणि सातही वेळा त्या कप्प्याने दाद दिली नव्हती.

"कंपनीचं ना हरकत पत्र मागवा."

"साहेब, कंपनी बंद पडून नऊ वर्षं झाली," कारकून बाई म्हणाल्या.

"म्हणजे आपली हरकत नाही असं ते आता लेखी देऊ शकत नाहीत. जोवर ना हरकत नाही, तोवर हरकत आहे असं धरावं लागतं."

राहिला चौथा. त्यात प्रतीक्षायादी होती.

"अकराशे चाळीस माणसं आहेत त्यात," कारकून बाईंचा आवाज जरासा चढला. तो आजवर चढलेला कोणी ऐकला नव्हता, त्यामुळे शिपायानेही दार उघडून आत पाहिले. "राखीवचा कोणी मालक नाही, कंपनी मेली, जुनी प्रणाली हलत नाही. आणि जिवंत माणसं आहेत तोच कप्पा पुसायचा?"

"भावनेत जाऊ नका, बाई. त्या तिन्ही कप्प्यांना आधार आहे. एकाला राखीव हा शब्द आहे, एकाला ज्येष्ठता आहे, एकाला कंपनी आहे. तुमच्या चौथ्याला काय आहे?"

"माणसं."

"माणसं रकान्यात येत नाहीत. तुम्ही नक्कल करून ठेवा, प्रश्न मिटला."

बाईंनी त्याच दुपारी पेन ड्राइव्ह मागितला. तेव्हा असे निघाले की सुरक्षेच्या नियमानुसार पेन ड्राइव्हमधून माहिती आत नेता येते, बाहेर आणता येत नाही. कोणत्याही माहितीची नक्कल मूळ माहिती ज्या ठिकाणी आहे त्याच ठिकाणी ठेवणे बंधनकारक होते.

"मग ती चौथ्या कप्प्यातच राहील, साहेब."

"हो."

"आणि कप्पाच पुसला तर?"

"दोन्ही एकदम जातील. मूळ आणि नक्कल यांत तफावत राहणार नाही."

बाईंनी नियमाप्रमाणे नक्कल केली. मग घरून वही आणली आणि जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता नावे हाताने उतरवायला बसल्या. तीन दिवसांत दोनशे बारा नावे झाली. चौथ्या दिवशी साहेबांनी वही पाहिली, अक्षराचे कौतुक केले आणि ती ताब्यात घेतली. संगणकीकरण पूर्ण झाल्याचे हे रुग्णालय सहा वर्षांपूर्वीच जाहीर करून बसले होते. आता हाताने लिहिलेली यादी सापडली असती, तर सहा वर्षे खोटी ठरली असती.

मात्र साहेब अन्यायी नव्हते. रुग्णांचे म्हणणे ऐकल्याखेरीज कप्पा पुसायचा नाही, असे त्यांनी ठणकावून सांगितले, आणि बैठकीच्या दिवशीच हरकती मागवणारी नोटीस फलकावर लावली होती. 'चौथा कप्पा रिक्त करणेबाबत ज्या रुग्णांची हरकत असेल त्यांनी सदर नोटीस स्वतः वाचून सात दिवसांत लेखी कळवावे.' एका पानात सगळे नियम, पोटनियम आणि खुलासे बसवायचे असल्याने अक्षर बाजरीच्या दाण्याहून बारीक झाले होते. फलकाला काच होती. काचेवर समोरच्या खिडकीचा उजेड पडत होता.

त्या फलकाखाली रोज चाळीस-पन्नास माणसे बसत. कोणाला कागद धूसर दिसे, कोणाला दोन दिसत, कोणाला तो दिसतच नसे. मावशी तपासणीच्या अहवालासाठी आल्या तेव्हा त्यांना भिंतीवर काहीतरी पांढरे असल्याचे जाणवले.

"दादा, काय लावलंय रे?" त्यांनी शिपायाला विचारले.

"नोटीस आहे."

"वाच की जरा. आमच्या कामाचंच असेल."

"मला वाचून दाखवता येत नाही, मावशी. 'स्वतः वाचून' असं लिहिलंय. मी वाचलं तर तुमची हरकत बाद होईल."

"अरे, मला वाचता आलं असतं तर मी इथं कशाला आले असते?"

शिपायाला हे पटले. त्याने ते साहेबांच्या कानावर घातले. साहेबांनाही पटले. नोटिशीच्या शेवटी त्यांनी एक ओळ वाढवली: 'ज्यांना वाचता येत नाही त्यांनी तसे वरील पत्त्यावर लेखी कळवावे.' एक ओळ वाढल्याने अक्षर आणखी थोडे बारीक करावे लागले.

कारकून बाईंनी स्वतःच्या नावाने हरकत दिली. ती फेटाळताना साहेबांनी त्यांना समोर बसवून घेतले. "तुम्ही बाधित नाही, बाई."

"मला चष्मा आहे."

"चष्म्यातून दिसतं का?"

बाई खोटे बोलत नसत. "दिसतं," त्या म्हणाल्या.

सात दिवसांत एकही ग्राह्य हरकत आली नाही. अकराशे चाळीस रुग्णांनी एकमुखाने संमती दिल्याची नोंद झाली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तंत्रज्ञाने चौथा कप्पा निवडला. यंत्राने विचारले, यातली सर्व माहिती कायमची नष्ट होईल, खात्री आहे का? तंत्रज्ञाने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी नियमावलीकडे पाहिले. यंत्राने पुन्हा विचारले. नऊ दिवसांच्या या प्रकरणात खात्री आहे का, असे विचारणारे त्या इमारतीत ते एकटेच होते. कळ कोणी दाबली, हे सांगता येत नाही. इतिवृत्तात 'कळ दाबण्यात आली' एवढेच आहे.

नवी प्रणाली वीस मिनिटांत बसली. दिसायला सुरेख होती. तिने उघडताच रुग्णालयाची स्थिती एका नजरेत दाखवली: प्रतीक्षेतील रुग्ण, शून्य.

हा आकडा अहवालात गेला आणि वर पोहोचताच सगळे खडबडून उठले. शेजारच्या रुग्णालयांना दहा-दहा वर्षे घासूनही यादी कमी करता आली नव्हती. इथे एका दिवसात ती संपली होती. साहेबांचा सत्कार पंधरा तारखेला ठरला, आणि इतर रुग्णालयांनी हीच कार्यपद्धती अवलंबावी असे परिपत्रक निघाले. आपण काहीतरी मोठे केले आहे, हे साहेबांना त्या परिपत्रकावरून कळले.

एक तारखेला सकाळी मावशी उपाशीपोटी, धुवट कपड्यांत, शेजारणीचा हात धरून आल्या. खिडकीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "एकोणीस."

कारकून बाईंनी वर पाहिले नाही. "मावशी, नंबरच उरले नाहीत."

"म्हणजे? सगळ्यांना दिसायला लागलं?"

"कागदावर लागलंय."

"बरं झालं. मग कागदालाच सांग, माझ्या सुईत दोरा ओवून दे."

आवाज ऐकून डोळ्यांचे डॉक्टर हातमोजे घालूनच बाहेर आले. सकाळपासून त्यांच्याकडे एकही रुग्ण पाठवला गेला नव्हता. "आणा त्यांना आत," ते म्हणाले. "माझं टेबल तयार आहे. पंधरा मिनिटांचं काम."

"नाव नोंदवल्याशिवाय आत घेता येत नाही," साहेब लगबगीने आले.

"मग नोंदवा."

"नोंदवलं की एक होईल." साहेबांनी पडद्यावरच्या शून्याकडे बोट दाखवले. त्यांचा चेहरा खरोखर व्याकूळ झाला होता. "डॉक्टर, पंधरा तारखेपर्यंत थांबा. आज एक घेतला तर उद्या अकराशे एकोणचाळीस दारात उभे राहतील. मग सत्कार कशाचा करायचा?"

"आणि पंधरानंतर?" मावशींनी विचारले.

"नंतर हे शून्य टिकवण्याची जबाबदारी येईल, मावशी," साहेब हळुवारपणे म्हणाले. "ते तर जास्त अवघड असतं."

सत्कार झाला. रुग्ण नसलेल्या ठिकाणी डॉक्टर कशाला, असा प्रश्न वरून आला आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांची बदली झाली. कारकून बाई त्याच खुर्चीवर बसून रोज सकाळी शून्याची नोंद घेतात.

पेपरात बातमी आली, फोटोसह. ती आपणही वाचलीत. चहाचा कप खाली ठेवून घरच्यांना म्हणालात, "बघा, मनात आणलं तर होतं."

त्याच संध्याकाळी आपण मावशींकडे मुलाचा शर्ट आणायला गेलात. एक बाही दोन बोटे लांब निघाली, आणि कॉलर उलटी बसली होती. मावशींनी शर्ट हातात घेऊन शिवणीवरून अंगठा फिरवला, आणि म्हणाल्या, "ठेवून जा, उसवून देते." आपण, चांगल्या माणसाप्रमाणे, शर्ट घडी करून पिशवीत टाकलात, आणि घरी आल्यावर शेजारणीपाजारणींना तेवढे सांगितलेत, "त्या मावशींकडे आता काही टाकू नका बाई. हल्ली त्या बघून शिवतच नाहीत."