पाच सवाष्णींचं बारसं

"पंचवीस रुपये हाली! त्यावर एक छदाम जाणार न्हाई!"

उद्धवरावांनी हे अशा थाटात जाहीर केलं, की जणू खुद्द तहसीलदारसाहेबच फर्मान काढून राहिले. प्रत्यक्षात ते कंधारच्या तहसीलीत साधे अहलकार होते, म्हणजे कारकून, आणि पगारही निजामाच्या ह्याच हाली नाण्यात मोजून घ्यायचे.

"पंचवीस तरी कशाला?" सरोजिनी बाजेवरून हळूच म्हणाली. "पाच सवाष्णी बोलवा. मूठमूठ घुगऱ्या वाटा. नाव ठेवा आणि दार लावून घ्या."

उद्धवरावांचा आवाज एकदम उतरला. ह्या घरात याआधी दोन बारशी झाली होती. पहिल्याला दोनशे पान उठलं, दुसऱ्याला तर वर सनई. अख्ख्या गावानं पाळण्यात डोकावून "काय गोंडस लेकरू!" म्हणून घेतलं. दोन्ही लेकरं सहा महिन्यांच्या आत गेली. वैद्य ताप म्हणाले. सरोजिनीच्या मनानं मात्र पक्कं घेतलं, की दृष्टच लागली. आता ही तिसरी, सात दिवसांची मुलगी. तिला खोलीबाहेर आणलेलंच नव्हतं. शेजारच्या मल्लम्मेनंसुद्धा तिचं फक्त रडणं ऐकलं होतं.

"तू म्हणशील तसं," उद्धवराव म्हणाले. "पण मामांना तरी कळवायला पाहिजे."

मामा म्हणजे सासरे. दत्तोपंत रेणापूरला राहत, घरची शेती होती. गूळ-हरभरे त्यांच्याच घरचे यायचे. उद्धवरावांनी कचेरीत बसून दोन मिसली, म्हणजे फायली, हातावेगळ्या करताना मधल्या वेळात चिठ्ठी लिहिली. शिक्षण सगळं उर्दूत झालेलं, मोडी काही हाताला वळली न्हाई. चिठ्ठीही उर्दूतच उतरली. मजकूर साधा होता: बाराव्या दिवशी बारसं आहे, पाच सवाष्णी सांगितल्या आहेत, त्या मानानं गूळ-हरभरे पाठवावेत. उद्धवरावांचा हात असा भरधाव चालायचा, की अक्षरं पुढं पळायची आणि नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, मागं राहायचे! रेणापूरला जाणाऱ्या एका व्यापाऱ्याजवळ त्यांनी चिठ्ठी दिली आणि निर्धास्त झाले.

बाराव्या दिवशी सकाळी दारात चार बैलगाड्या येऊन थांबल्या.

पहिल्या गाडीत गुळाच्या ढेपी होत्या. दुसरीत हरभऱ्याची आणि कांडलेल्या गव्हाची पोती. तिसरीत हत्तीला अंघोळ घालता येईल एवढ्या दोन कढया! चौथीतून दत्तोपंत उतरले, त्यांच्या मागून दोन आचारी.

"जावईबापू!" दत्तोपंतांनी त्यांना कवटाळलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मला वाटलं होतं, दोन घाव सोसून तुम्ही दोघं खचलात. आन् तुम्ही पाचशे असामी सांगितले! लई बरं वाटलं बघा."

"पाचशे?" उद्धवरावांना घाम फुटला. "मामा, पाच! पाच सवाष्णी!"

दत्तोपंतांनी बंडीतून चिठ्ठी काढली. "मदरशाच्या मुन्शींनी दोनदा वाचून दाखवली."

उद्धवरावांनी ती घेतली आणि मोठ्यानं वाचू लागले. "बारसं आहे, पाच... पाच सौ..." ते थबकले. कागद उलटा केला, सुलटा केला. सवाष्णींचे नुक्ते कुठंच नव्हते, आणि त्यांच्याशिवाय तो शब्द मधोमध तुटून चक्क 'सौ असामी' झाला होता. स्वतःच्या हातचं असूनही त्यांना दुसरं काही वाचता येईना!

दत्तोपंत मटकन ओट्यावर बसले. "मग हे परत न्यावं म्हणता?"

दाराआडून सरोजिनी सगळं ऐकत होती. तिनं एकदा वडिलांच्या धुळीनं माखलेल्या पायांकडं बघितलं.

"परत न्यायचं न्हाई," ती म्हणाली. "लेकराच्या नावानं आलेलं अन्न आहे. शिजवा. पण लेकरू खोलीतच राहील."

चुली पेटल्या. पण जेवायला माणसं? उद्धवराव टोपी घालून निघाले. पाचशे माणसं दुपारपर्यंत! ते प्रत्येक दारात धापा टाकत उभे राहायचे आणि म्हणायचे, "सगळेजण घरी या. आत्ताच्या आत्ता या. कृपा करा!" चेहरा काळवंडलेला, डोळे लाल, घसा बसलेला. बारशाचा शब्द सांगायला तोंडात ओल कुठं होती!

आणि गावाला तर ठाऊक होतं, की ह्या घरात लेकरं जगत न्हाईत.

दुपारी सगळी गल्ली माणसांनी भरली. पण कुणी हसेना, कुणी बोलेना. पुरुषांनी माना खाली घातलेल्या, बाया पदरानं डोळे पुसत होत्या. सगळ्यांच्या पुढं मल्लम्मा. तिनं उंबऱ्यावरच हंबरडा फोडला.

"अव्वा, हेबी गेलं का गं! मी तर तोंडबी न्हाई बघितलं लेकराचं!"

तिच्यामागं पन्नास बायांनी सूर धरला. सरोजिनी आतून धावत आली. हातात मुलगी होती. तिला खाली ठेवायचं भानच राहिलं नव्हतं. एवढा कालवा ऐकून मुलगी दचकली आणि तिनं असा टाहो फोडला, की बायांचं रडणं जागच्या जागी थांबलं!

"जित्ती हाय!" मल्लम्मा ओरडली. "जित्ती हाय गं लेकरू!"

मग जे झालं ते उद्धवराव पुढं कितीदा तरी सांगायचे. बाया रडता रडता हसायला लागल्या. कचेरीतल्या सहकाऱ्यांनी उद्धवरावांना मिठ्या मारल्या. ज्याला पंगतीत बसायचं तो बसला, ज्याला ह्या घरचं शिजलेलं चालत नव्हतं त्यानं शिधा नेला. मुलगी मात्र ह्या हातातून त्या हातात फिरत होती.

उद्धवराव बायकोजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "अगं, आत घे तिला. सगळं गाव बघून राहिलंय."

"बघू द्या," सरोजिनी म्हणाली. दोन वर्षांत त्यांनी तिचा असा मोकळा चेहरा बघितला नव्हता. "अख्ख्या गावानं तिच्यासाठी आधीच रडून घेतलंय. ज्यांनी रडून घेतलं ते आता दृष्ट कशी लावतील?"

उद्धवराव हसले आणि पंगतीत वाढायला निघून गेले.

दिवेलागणीला शेवटची पंगत उठली. कढया रिकाम्या झाल्या, आचारी पाय पसरून बसले, दत्तोपंत समाधानानं सुपारी कातरू लागले. मल्लम्मा पाळण्यावर वाकली होती.

"बाई," ती म्हणाली, "हिला हाक काय मारायची?"

सरोजिनीनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं सासऱ्यांकडं बघितलं. सासऱ्यांचा अडकित्ता तसाच हातात राहिला.

"अरे देवा," उद्धवराव पुटपुटले, "बारसं करायचं राहिलंच की!"